दांडा ऊन खातो तेव्हा

उपग्रहाचा दांडा उघडून आठवडा होत आला, तेव्हा तो थरथरतोय हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं आणि त्या दिवसापासून तिचं कशात मन लागेना.

दांडा म्हणजे सुताराच्या खिशातली पोलादी टेप असते ना, तसाच प्रकार. पातळ पत्रा गुंडाळून वर पाठवायचा, वर गेल्यावर तो उलगडत जायचा आणि त्याची लांबच लांब नळी व्हायची. जाडी मनगटाएवढी, लांबी एखाद्या चार मजली इमारतीएवढी. टोकाला चुंबकीय क्षेत्र मोजणारं इवलंसं उपकरण. उपग्रहाच्या पोटातल्या यंत्रांचा त्याला त्रास होऊ नये म्हणून त्याला एवढं लांब टांगून ठेवलेलं. जमिनीवर असा दांडा स्वतःच्या वजनानंच मोडून पडला असता. वर वजनाचा प्रश्न नव्हता. वर प्रश्न उन्हाचा होता.

उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारायचा. फेरीतला काही वेळ पृथ्वीच्या सावलीत, बाकीचा उन्हात. म्हणजे दिवसभर दर दीड तासाला एक सूर्योदय. प्रत्येक सूर्योदयानंतर दांडा हलायला लागायचा, दांड्यापायी उपग्रह हलायचा आणि कॅमेऱ्यातून येणारी चित्रं म्हाताऱ्या माणसानं हातात फोन धरून काढल्यासारखी यायची. उपग्रहाची मान सरळ ठेवणं हे तिच्या गटाचं काम. त्यासाठी उपग्रहात फिरती चाकं होती. ती थरथरीशी झगडत राहायची आणि तापायची.

"आजची कालच्यापेक्षा जास्त आहे का गं?" तिनं पडद्यासमोर बसलेल्या ऑपरेटरला विचारलं.

"किंचित."

"किंचित म्हणजे?"

"म्हणजे परवापेक्षा काल जेवढी जास्त होती तेवढी." ऑपरेटर मिश्कील होती, पण आज हसत नव्हती. "मॅडम, तुम्ही बसा जरा. तुम्ही मागे येरझाऱ्या घालता तेव्हा मलाही थरथरायला होतं."

ती बसली आणि लगेच उठली.

घरी जाणं हा दुसरा ताप होता. घरी सासूबाई होत्या. सासूबाई आधी तिच्या साहेब होत्या, मग सासू झाल्या. तिच्या नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेल्या चौघांपैकी एक त्या. उष्णतेचा सगळा विभाग त्यांच्या हाताखाली होता, त्यामुळे ऑफिसात त्यांना तापबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषण एका वाक्यात उरकलं होतं: "चला, तुमचा ताप गेला." त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. तो आईला न्यायला म्हणून ऑफिसात यायचा, तिथेच तिची ओळख झाली. खाली त्याचा दवाखाना, वर घर. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासूबाईंना 'आई' म्हणताना तिची जीभ अजून क्षणभर अडखळायची.

आणि या दांड्याचं उष्णतेचं गणित हे सासूबाईंचं शेवटचं काम होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की उन्हात दांडा थोडा वाकेल आणि वाकून स्थिर राहील.

"कसा आहे दांडा?" त्या संध्याकाळी सासूबाईंनी बटाटे सोलता सोलता विचारलं.

"आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे, आई."

सासूबाईंनी साल काढता काढता तिच्याकडे एकदा पाहिलं. जेवताना तिनं दोनदा फोन उलटा ठेवला आणि दोनदा सुलटा केला. नवरा म्हणाला, "दाढ दुखतेय का तुझी? दाढ दुखणारी माणसं अशी बसतात."

"नाही."

"मग माझ्या उपयोगाचं काही नाही," असं म्हणून तो आपल्या ताटाकडे वळला. पण टेबलाखाली त्यानं तिचा हलणारा गुडघा हातानं दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी तिनं जुनी गणितं उघडून बसायचं ठरवलं. गणितं दोन होती. उष्णतेच्या गणितात दांडा सरळ धरला होता आणि सरळ दांड्यावर किती ऊन पडतं ते काढलं होतं. दुसरं गणित तिच्याच गटाचं. त्यांनी उष्णतेच्या विभागाकडून आलेले तापमानाचे आकडे जसेच्या तसे घेऊन दांडा किती वाकेल ते काढलं होतं. दोन्हीकडे चूक शोधता शोधता दुपार झाली. चूक सापडली नाही, कारण कुठेच नव्हती.

मग तिच्या डोक्यात आलं की दांडा वाकला की त्याच्यावर पडणारं ऊनही बदलणार. सूर्याकडची बाजू तापते, लांबते आणि दांडा सूर्यापासून लांब झुकतो. झुकला की उन्हाचा कोन बदलतो. कोन बदलला की ताप बदलतो. पण पत्र्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो, त्यामुळे वाकणं पुढे आणि ताप मागे असं चालू राहतं. झोका परत निघाला की नेमकं त्याच वेळी कुणी मागून ढकलावं, तसं प्रत्येक हेलकाव्याला ऊन थोडंथोडं ढकलत राहतं.

तिनं दोन्ही गणितं एकमेकांना जोडली. प्रत्येक क्षणी दांड्याचा नवा आकार उष्णतेच्या गणिताला द्यायचा आणि नवी उष्णता दांड्याला. कॉम्प्युटर बराच वेळ घुमत राहिला. नंतर पडद्यावर जी रेघ उमटली, ती उपग्रहाकडून येणाऱ्या रेघेसारखीच होती. लहान लाट, मग मोठी, मग आणखी मोठी. तिनं पुढच्या दोन आठवड्यांची सूर्याची दिशा घातली. दांड्याचं टोक हळूहळू सूर्याकडे कलत जाणार होतं. लाट पडद्याच्या बाहेर गेली.

ती उठून तोंड धुऊन आली. आरशात पाहिलं नाही.

तिचे वरिष्ठ खुर्चीत इतके ताठ बसायचे की त्यांचं नाव काटकोन पडलं होतं. त्यांनी तिचे आलेख शांतपणे पाहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त समितीला घाबरायचा.

"म्हणजे उष्णतेच्या विभागानं दांडा सरळ धरला," ते म्हणाले.

"आणि आपण उष्णता तशीच धरली."

"हो, पण सुरुवात कुठून झाली?"

"सर, याला सुरुवात अशी नाही. दोघांनी आपापलं अर्धं केलं. जोडायचं कुणी, हे कुणीच ठरवलं नव्हतं."

काटकोनांनी पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. "परवा समिती बसतेय. त्यांना असं गोल गोल सांगितलं तर ते आपल्या सगळ्या गटाची झडती घेतील. उष्णतेचं गणित अपुरं होतं, एवढं एक वाक्य पुरे. त्या बाई निवृत्त झाल्यात. त्यांना आता काय फरक पडतो?"

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

"माहीत आहे. म्हणूनच तुम्ही सांगितलंत तर कुणाला शंका येणार नाही."

तिनं आलेख गोळा केले. जिन्यावरून उतरताना तिच्या लक्षात आलं की एक कागद आपण चुरगळून मुठीत धरलाय. तो सरळ करत करत ती घरापर्यंत चालत आली. बस तिच्या शेजारून निघून गेली तरी तिनं हात केला नाही.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा सासूबाई कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे कधीच तुंबत नसत. आज त्या इस्त्री झालेल्याच शर्टाला पुन्हा इस्त्री करत होत्या.

"काल जुन्या ऑफिसातून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "खुशाली विचारायला. बोलता बोलता दांड्याचं निघालं. ते म्हणाले, तुम्हाला घरच्या घरी कळलंच असेल."

ती दारातच उभी राहिली.

"मी म्हटलं, हो, कळलंय. काय सांगणार होते मी?" इस्त्री खाडकन उभी ठेवली गेली. "रोज संध्याकाळी विचारतेय मी तुला, आणि तू 'आहे' म्हणतेस. मी काय हृदयाची पेशंट आहे? माझ्यापासून लपवून ठेवायला?"

"आई, मला आधी खात्री करून घ्यायची होती."

"झाली खात्री?"

"हो."

"मग सांगा आता. तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?"

घरात सासूबाई तिला अरेतुरे करत. 'तुमच्या लोकांचं' ऐकून तिला मुलाखतीतलं टेबल आठवलं. तिनं सगळं सांगितलं. दांडा सरळ धरण्याचं, जोडलेल्या गणिताचं, पुढच्या दोन आठवड्यांचं. काटकोन काय म्हणाले तेही सांगून टाकलं, कारण आता काही राखून ठेवण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

सासूबाईंनी इस्त्रीची वायर काढली. "माझं गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबरच आहे. मी दोनदा तपासलं."

"दोनदा तपासलंस?"

"तीनदा."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. खालून दवाखान्यातल्या यंत्राची बारीक किरकिर येत होती. "तेव्हा मला शंका यायला हवी होती," त्या शेवटी म्हणाल्या. "आली नाही. आली असती तर मी भांडले असते, तुला माहितीये. पण नाही आली. दांडा वाकून राहील असंच वाटलं मला. आमच्याकडे वस्तू तापतात नाहीतर गार होतात. डुलायचं काम तुमच्याकडचं."

"आणि आम्हाला वाटलं, ताप तुमच्याकडचा."

"दे ते कागद इकडे."

तिनं आलेख दिले. सासूबाईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. त्यांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग पहिला परत घेतला. "दांडा उघडला त्या पहिल्या दिवशी थरथर का नव्हती?"

"होती, पण लगेच विरून गेली. म्हणून कुणी लक्ष दिलं नाही."

"तेव्हा टोक कुठल्या बाजूला होतं? सूर्याकडे की पलीकडे?"

तिनं विचार केला. "पलीकडे. थोडंसं पलीकडे कललेलं."

"आणि आता?"

"सूर्याकडे." तिनं खुर्ची ओढली. दोघी एकाच कागदावर वाकल्या. टोक सूर्याकडे असताना दांडा मागे झुकला की उन्हाला जास्त आडवा येतो, जास्त तापतो. टोक पलीकडे असताना मागे झुकला की ऊन अंगावरून निसटतं, तो कमी तापतो. पहिल्या बाबतीत ऊन झोक्याला ढकलतं, दुसऱ्या बाबतीत तेच ऊन झोक्याला धरून ठेवतं.

"म्हणजे दांडा आत ओढून घ्यायला नको," ती म्हणाली. "काटकोनांना तेच करायचंय आणि मला भीती आहे की तो अडकेल."

"अडकेलच. तो उघडायला बनवलाय."

"नुसता उपग्रह थोडा वळवायचा. सूर्योदयाच्या वेळी टोक पलीकडे असलं पाहिजे."

"कॅमेरा?"

"दर फेरीत थोडा वेळ चित्रं मिळणार नाहीत. मिळतायत तीही काय कामाची आहेत?"

चहा तसाच निवून गेला. नवरा मधल्या सुट्टीत वर आला, दोघींकडे पाहिलं, दोन पाव उचलले आणि परत खाली गेला.

समितीसमोर तिनं सात-आठ मिनिटं बोलायचं होतं, ती बरीच जास्त बोलली. काटकोन शेजारी ताठ बसले होते. तिनं सांगितलं की उष्णतेचं गणित आणि आकाराचं गणित दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती, ती जोडली गेली नाहीत आणि न जोडणाऱ्यांत आमचा गट आहे. एका सदस्यानं विचारलं, "उष्णतेचं काम कुणाचं होतं?" तिनं सासूबाईंचं पद सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, "आणि ते आकडे न विचारता वापरणाऱ्यांत मी होते." सदस्यानं मान हलवून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला दिसलं नाही आणि त्या विचारानं तिचा उरलेला दिवस खाल्ला. वळवण्याची परवानगी मात्र मिळाली. दोन आठवडे थांबायची सोय नव्हती हे आलेखावरून आंधळ्यालाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आज्ञा वर गेली. सूर्योदयाच्या जरा आधी उपग्रह वळेल, टोक पलीकडे जाईल आणि मग ऊन येईल. नियंत्रण कक्षात खुर्च्या कमी पडल्या. हा सूर्योदय उपग्रह जमिनीवरच्या केंद्राच्या संपर्कात असतानाच होणार होता, त्यामुळे रेघ डोळ्यांदेखत उमटणार होती. ती खिडकीपाशी उभी राहिली, मग दाराशी, मग ऑपरेटरच्या मागे.

"वळतोय," ऑपरेटर म्हणाली. "वळला. ऊन आलं."

रेघ उसळली. कालच्यापेक्षा मोठी. चाकांच्या तापमानाचा आकडा पिवळा झाला, मग लाल. मागे कुणीतरी घसा खाकरला. काटकोन तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "आता?"

ती बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली आणि घरी फोन लावला. फोन नवऱ्यानं उचलला.

"आई इथेच आहे," तो म्हणाला. "तासभर माझ्या वेटिंग रूममध्ये बसलीये, सारखी उठते आणि बसते. एका पेशंटनं तिला आपला नंबर देऊ केला, म्हणाला, तुम्हाला फारच दुखतंय, तुम्ही आधी जा."

"दे त्यांना."

सासूबाईंच्या आवाजात धाप होती. "बोल."

"वाढली, मॅडम." जीभ जुन्या शब्दावर गेली आणि तिला ते कळलंही नाही. "वळवल्यावर जास्त हलतोय. आपलं गणित चुकलं."

"ऊन यायच्या आधी हलत होता की आल्यावर?"

तिनं रेघ डोळ्यांसमोर आणली. ऑपरेटर 'वळला' म्हणाली तेव्हाच रेघ वाकडी झाली होती. उन्हाच्या आधी.

"आधी," ती म्हणाली. "वळतानाच. आपण त्याला झटक्यानं वळवला. लांब काठी हातात घेऊन गर्रकन वळलं की टोक मागे राहतं आणि झुलतं, तसं झालं. ऊन आलं तेव्हा तो आधीच डुलत होता."

"सावलीत किती वेळ असतो तो?"

"अर्धा तास तरी."

"मग घाई कुणाला आहे?" सासूबाई म्हणाल्या.

ती आत गेली. काटकोनांना सांगितलं की वळण सावलीत शिरल्या शिरल्या सुरू करायचं आणि इतकं सावकाश घ्यायचं की दांड्याला पत्ता लागू नये. काटकोनांनी पेन खिशात ठेवलं. "आणि नाही जमलं तर?"

"तर दांडा ओढून घ्यायचं तुमचं बटण आहेच."

"ते माझं नाही, समितीचं आहे," काटकोन म्हणाले आणि थोड्या वेळानं हळू आवाजात, "मलाही ते दाबायचं नाहीये." मग ते स्वतः ऑपरेटरच्या बाजूला उभे राहून नवी आज्ञा एकेक आकडा मोठ्यानं वाचून तपासायला लागले. तिनं त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाकून उभं राहिलेलं पाहिलं.

पुढच्या सूर्योदयाला उपग्रह संपर्कात नव्हता. नोंदी नंतर येणार होत्या. सगळे जेवायला गेले. तिनं डबा उघडला आणि मिटला. कॉरिडॉरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना झाडूवाल्या बाईनं दोनदा पाय उचलायला लावले आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बाई, एकदाच ठरवा कुठे जायचंय ते."

नोंदी आल्या तेव्हा ऑपरेटरनं नुसती खुर्ची बाजूला सरकवली, पडदा दिसावा म्हणून. ऊन आल्यावर रेघ उचलली होती, थोडी वर, थोडी खाली, पुन्हा थोडी वर, आणि मग हळूहळू सपाट होत गेली होती. अगदी सपाट नाही. बारीक कंप होताच.

"हे चालेल?" काटकोनांनी विचारलं.

"चित्रं येतील," ती म्हणाली. या वेळी ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

घरी पोचली तेव्हा दवाखाना बंद झाला होता. सासूबाई वर जिन्याच्या दाराशी होत्या. तिनं फोनवरचा आलेख दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"हा कंप राहिलाच की," त्या म्हणाल्या.

"राहिला. पण वाढत नाहीये."

"अहवालात लिही. कमी झाला, गेला नाही, असं स्पष्ट लिही. आणि माझ्या विभागाचं जे काय आहे तेही लिही. मऊ करू नकोस."

"तुमचं आणि आमचं, दोन्ही लिहितेय, आई."

सासूबाईंनी फोन परत दिला. त्यांचा चेहरा काही हलका झाला नव्हता. आपलं शेवटचं काम असं आठवलं जाणार, हे त्यांना बोचत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. रात्रीच्या जेवणाला त्या कमी बोलल्या. नवऱ्यानं वेटिंग रूममधल्या पेशंटचा किस्सा पुन्हा सांगितला, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "तो माणूस सभ्य होता. तुझी फी ऐकल्यावरही सभ्य राहिला का?"

समितीचा अहवाल महिन्याभरानं आला. त्यात दोन्ही विभागांची नावं होती, दोष असा कुणावर नव्हता आणि कौतुकही कुणाचं नव्हतं. पुढच्या उपग्रहाचे दांडे याहून लांब होते. त्यांची गणितं सुरुवातीपासून जोडून करावीत, असं एक वाक्य होतं. त्या कामासाठी सासूबाईंना आठवड्यातून काही दिवस बोलावणं आलं. त्यांनी आठवडाभर होकार दिला नाही. कपड्यांचा ढीग दोनदा इस्त्री करून झाला. मग एका सकाळी ती निघायला लागली तेव्हा त्या पायात चपला घालून दाराशी उभ्या होत्या.

"तिथे मला आई म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि दांडा सरळ धरायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत मी बोलणार. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये पडणारच. आकार माझ्याकडचा आहे."

"बघू," असं म्हणून सासूबाई जिना उतरायला लागल्या, आणि ती कुलूप लावून त्यांच्या मागे निघाली.